पाटीवरची उशी

"रिकामं," गाशेगो म्हणाला.

निबियाने खाली जाणारा बाण दाबला.

"रिकामं."

तिने परत दाबला. मग आणखी जोरात दाबला. जोर लावला म्हणून कीबोर्डला अक्कल येत नाही हे तिलाही माहीत होतं, पण राग कुठेतरी काढावा लागतोच.

"रिकामं. रिकामं. रिकामं."

गाशेगो म्हणजे निबियाच्या कंप्युटरमधला स्क्रीन रीडर. पडद्यावर जे असेल ते तिच्या कानात वाचून दाखवणं हे त्याचं काम. आवाज अस्सल स्पेनच्या माणसाचा, आणि माँटेव्हिडिओत स्पेनहून आलेल्या कुणालाही गाशेगोच म्हणतात, मग तो कुठल्या का गावचा असेना. तो इतक्या वेगात बोलायचा की घरी आलेल्याला वाटावं रेडिओ बिघडलाय. निबियाला त्याचा शब्द न् शब्द कळायचा. ती जन्मापासून आंधळी. गाशेगोच्या संगतीने तिने रेडिओच्या जाहिराती लिहून पोट भरलं होतं, आणि दर उन्हाळ्यात मंडळाची गाणीही लिहिली होती. भांडणं व्हायची दोघांची, पण आजवर त्याने तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं. आज तो समोर भरलेलं पान असताना रिकामं म्हणत होता.

पान भरलेलं होतं हे नक्की, कारण त्याच क्षणी पोचोचा फोन आला होता आणि तो आनंदाने ओरडत होता, "बघितलंस का? यमान्दूने सहा ओळी टाकल्यात! काय सोय आहे बघ, तो तिकडे साल्तोला बसून लिहितोय आणि मी इथे आंघोळीहून येऊन वाचतोय!"

"मला रिकामं ऐकू येतंय, पोचो."

"असं कसं? माझ्यासमोर आहे की."

"तुझ्यासमोर असेल. माझ्या कानात नाही."

"इंटरनेट बघ जरा."

निबियाने फोन ठेवला. ठेवला नसता तर तोंडातून काहीतरी वाईट गेलं असतं.

मंडळ म्हणजे कार्निव्हलची मुर्गा, तोंडं रंगवून, ढोल-ताशा-झांजांच्या तालावर सरकारपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची टर उडवणारं गाणारं टोळकं. नाव 'उशिरा उठलेले'. ला तेहा वस्तीत बोचास हा गोळे टाकायचा खेळ खेळणाऱ्यांच्या क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची तालीम चाले. वॉशिंग्टन पिंतोस ऊर्फ पोचो हा मंडळाचा म्होरक्या. गाणी लिहायचं काम तिघांचं: पोचो, निबिया आणि शाळामास्तर यमान्दू. तिघं क्लबच्या लांब टेबलाशी बसत, निबिया माते या कडवट चहाचा भोपळा भरून फिरवी, आणि एकेक ओळ मोठ्याने म्हटली जाई. तिथला कायदा एकच होता. ओळ म्हटल्यावर कुणी टेबलावर हात आपटून "फेक!" असं ओरडलं, तर तिच्यावर भांडण. कुणी ओरडलं नाही तर ओळ पास. कागद नाही, मतदान नाही. गप्प बसलास म्हणजे मान्य केलंस, नंतर कुरकुर ऐकली जाणार नाही.

यंदा यमान्दूची बदली झाली उत्तरेला साल्तोला, आणि टेबल मोडलं. तेव्हा पोचोने कुठून तरी 'पिसार्रा' आणलं. पिसार्रा म्हणजे पाटी. इंटरनेटवरचं एकच पान, ज्यावर सगळ्यांनी आपापल्या घरून एकाच वेळी लिहायचं, आणि जो जिथे असेल तिथे त्याच्या नावाची रंगीत झेंडी दिसायची. गावातल्याच एका छोट्या कंपनीने बनवलेलं. त्यांनी ते फुकट दिलं, बदल्यात मंडळाच्या ढोलावर कंपनीचं नाव रंगवायचं ठरलं. पोचोने जाहीर केलं की टेबलाचा कायदा पाटीलाही लागू. आवडलं नाही तर पुसा, नाहीतर शेजारी लिहा. पाटी बंद होईल त्या रविवारी जे असेल ते पास.

"तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" दुसऱ्या दिवशी पोचो म्हणाला. "तू फोनवर सांग, मी टाइप करतो."

हे वाक्य निबियाने आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावर पडताच तिच्या जबड्याचे स्नायू आपोआप आवळत. तू सांग, मी लिहितो. तू बस, मी आणतो. सगळे प्रेमानेच म्हणत, हीच तर पंचाईत. दुष्टपणाने म्हणणाऱ्याला शिव्या तरी देता येतात.

"मागे यमान्दूला एक गाणं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, 'न्हाव्याच्या दुकानातला पंखा'. छापून आलं, 'ताऱ्यांनी भरलेलं आभाळ'."

"तो म्हणाला पंखा जरा रुक्ष वाटला."

"मग तसं म्हणायचं ना तोंडावर! भांडले असते मी. कदाचित हरलेही असते. पण माझी ओळ दुसऱ्याच्या बोटातून जाते ना पोचो, तेव्हा ती वाटेत कपडे बदलते, आणि मला कळतसुद्धा नाही. मी माझ्या बोटांनी लिहिणार. नाहीतर लिहिणार नाही."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"हो. एवढ्याशाच."

यंदा तिच्या मनात निरोपाचं गाणं होतं. कार्यक्रमाच्या शेवटी मंडळ थट्टा थांबवतं आणि लोकांचा निरोप घेतं, तेव्हाचं गाणं. लोक वर्षभर गुणगुणतात ते तेवढंच. ते आजवर पोचोच लिहीत आला होता. यंदा तो म्हणाला होता, तू लिही.

तिने कंपनीला फोन लावला. फोन इस्माएल बेन्तांकुर नावाच्या माणसाने उचलला. पाटीचं बरंचसं काम त्यानेच केलं होतं. आवाज सौम्य, वागणं नम्र, वाक्यागणिक 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, आणि मदत करायची केवढी हौस! निबिया मनातल्या मनात म्हणाली, आणखी एक.

"तुम्हाला स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय, दोन्या निबिया?"

"काही दिसत नाही, बाबा. अठ्ठेचाळीस वर्षं झाली, काही दिसत नाही."

"सॉरी. मला तसं... सॉरी."

"सॉरी राहू दे. तुझी पाटी माझ्याशी बोलत नाही."

"पण तसं व्हायला नको. आपल्याकडे हिरवी खूण आहे. तपासणीचा एक प्रोग्राम असतो, तो सगळं तपासतो, अंध लोकांना चालेल की नाही वगैरे. त्यात आपण पास झालोय."

"मग त्या प्रोग्रामलाच सांग निरोपाचं गाणं लिहायला."

इस्माएल हसला नाही, हे त्याच्याबद्दल बरंच म्हणायचं. त्याने दोन दिवसांनी फोन करून खरं काय ते सांगितलं.

"कसं आहे, दोन्या निबिया, पाटीवरची अक्षरं ही तशी अक्षरं नसतात. आम्ही ती काढतो. चित्रासारखी. म्हणजे पान कितीही मोठं झालं तरी भराभर हलतं. पण तुमच्या रीडरला चित्र वाचता येत नाही, म्हणून तो रिकामं म्हणतो."

निबियाने हे नीट ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही लिहायची जागा बनवलीत, आणि तिच्यात अक्षरंच ठेवली नाहीत."

"तसं बघायला गेलं तर..."

"मी कसं बघायला जाणार?"

"सॉरी."

"आता तू माझ्याशी बोलताना सॉरी म्हणणं बंद कर, नाहीतर माझं गाणं पुढच्या कार्निव्हललाच पुरं होईल."

आठवड्याने त्याचा पहिला इलाज आला. निबियाने पाटी उघडली आणि गाशेगो बोलू लागला. "यमान्दू पानावर आला. यमान्दू लिहितोय. यमान्दूने ज लिहिलं. यमान्दूने ज पुसलं. पोचो पानावर आला. ठळक बंद. यमान्दू लिहितोय. पोचो थांबलाय. तुमचं काम साठवलं. पोचो थांबलाय. तुमचं काम साठवलं." निबियाने 'जातो' एवढाच शब्द लिहायला घेतला, आणि तो संपायच्या आत यमान्दूने काय काय केलं, पोचोने काय काय केलं नाही, आणि तिचं न केलेलं काम कसं सतत साठवलं जातंय, हे सगळं तिला कळलं. स्वतःचा शब्द तेवढा ऐकू आला नाही. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले तरी त्यांची कुणकुण चालूच होती. पोचो थांबलाय.

"आधी मुका होता," तिने इस्माएलला सांगितलं, "आता त्याला वात झालाय. अरे, तू लिहिताना तुझ्या खांद्यावर बसून कुणी असं बडबडत असतं का?"

"मला वाटलं जितकी जास्त माहिती तितकं..."

"तुला वाटलं. मला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. त्याने तसं प्रामाणिकपणे कबूलही केलं. मग आला दुसरा इलाज, आणि त्याला इस्माएलने मोठ्या अभिमानाने नाव दिलं होतं, 'खास व्यवस्था'. 'खास' या शब्दाने निबियाच्या अंगावर काटा आला. खास शाळा, खास रांग, खास लोकांसाठीची खास सहल, सगळं तिचं करून झालं होतं. पण तिने ती व्यवस्था चालू केली, बाण दाबला, आणि गाशेगोने शहाण्यासारखी पहिली ओळ वाचली. मग दुसरी. मागे गेलं की मागची, पुढे गेलं की पुढची. यमान्दूने साल्तोत बसून नवी ओळ टाकली, ती तिच्या पानावर गुपचूप येऊन बसली. तिने शब्द लिहिला, तो ऐकू आला. पुसला, गेला.

खोटं कशाला सांगा, त्या संध्याकाळी निबियाला रडू आलं. लगेच तिने नाक शिंकरलं आणि कामाला लागली, कारण यमान्दूने निरोपाच्या गाण्यात जे घालून ठेवलं होतं ते ऐकून कुणालाही कामाला लागावं लागलं असतं:

डोळ्यांविना जी पाहते सगळ्यांहून दूर,
तिच्याच अंधारातून उगवतो आमचा सूर.

म्हणजे ती. निबिया लार्रोसा. मंडळाची अंध देवी, जिच्या अंधारातून म्हणे सूर उगवतो. हिला चार माणसांसारखं बसचं तिकीट काढावं लागतं, दातदुखी होते, शेजारणीचं कुत्रं आवडत नाही, हे त्या कडव्यात कुठे नव्हतं. आणि अंधार कसला? अंधार बघायलाही डोळे लागतात. तिने ते कडवं पुसून टाकलं. शेजारी लिहिलं, "यमान्दू, मला देव्हाऱ्यातून खाली उतरव, माझे गुडघे दुखतात." मग तिथे स्वतःचं कडवं घातलं:

जातो आम्ही, दिवे इतक्यात मालवू नका,
उशीला लागलाय रंग, तो धुऊ नका;
मार्चमध्ये कुणी विचारलं, कुठं गेले ते सगळे,
तर उशी दाखवा, बोलू नका.

गाणाऱ्यांच्या तोंडाचा रंग कितीही पुसला तरी उशीला लागतोच. ला तेहात ज्या घरात मंडळाचा माणूस आहे तिथे कार्निव्हलच्या फेब्रुवारीत पांढरी उशी सापडणार नाही. तिच्या मोठ्या भावाच्या उशीचा तो तेलकट, मेणासारखा वास तिच्या लहानपणचा सगळ्यात आवडता वास होता.

तीन संध्याकाळी ती पाटीवर होती. यमान्दूच्या दोन ओळी दुरुस्त केल्या, पोचोची एक हाणून पाडली, शेजारी टोमणे लिहिले, प्रश्न विचारले. कुणी उलट उत्तर दिलं नाही. नवीन ओळी येत राहिल्या, तिच्या कडव्याला कुणी हात लावला नाही. तिला जरा चुकल्यासारखं वाटलं. यमान्दू आणि इतका मुकाट? पण कायदा कायदा होता. कुणी ओरडलं नाही, म्हणजे ओळ पास.

शुक्रवारी तालमीला ती क्लबवर गेली. यमान्दू सुट्टीला आला होता, त्याने पळत येऊन तिचा गालगुच्चा घेतला. शेड डिसेंबरच्या ऐन उन्हाळ्यात तापली होती. पोचो म्हणाला, निरोपाचं गाणं पक्कं व्हायला दोन दिवस आहेत, पण पोरांनी चाल बसवलीय, ऐक. ढोल लागला, झांजा लागल्या, आणि मंडळाचे ते फाटलेले, नाकातून येणारे, छातीवर आदळणारे आवाज एकदम उठले. निबियाने हात मांडीवर ठेवले. उशीची वाट बघत बसली.

"डोळ्यांविना जी पाहते..."

तिला आधी वाटलं, आपल्यालाच काहीतरी होतंय.

"...सगळ्यांहून दूर..."

आणि मग दुसरा सूर तिसऱ्यात मिसळला, ताशा हळू झाला, आणि सगळी शेड तिच्या अंधाराबद्दल गाऊ लागली. कोरसमध्ये कुणीतरी हुंदका दिला. खरोखर हुंदका दिला!

"थांबवा!" निबियाने टेबलावर हात आपटला. "फेक! फेक! फेक ते!"

ताशा थोडा पुढे जाऊन थांबला.

"काय झालं?" पोचो म्हणाला.

"हे मी पुसलं होतं!"

"कधी? पानावर तर आहे."

"मंगळवारी पुसलं. बुधवारी पुसलेलं होतं. काल पुसलेलं होतं!"

"निबिया," यमान्दू हळूच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तो हळुवारपणा होता जो ऐकला की निबियाला काहीतरी फेकून मारावंसं वाटे, "तू तीन दिवस पाटीवर होतीस. तुझ्या नावाची लाल झेंडी दिसत होती आम्हाला. बरोबर त्याच कडव्यावर. हलतच नव्हती. मी पोचोला म्हटलंसुद्धा, बघ, ती परत परत वाचतेय."

"आम्हाला वाटलं तुला भरून आलं," पोचो म्हणाला. "तू काही बोलली नाहीस. म्हणजे पास."

निबियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभी राहिली, आणि तालाची वाट न बघता, तिच्या रेडिओच्या जाहिरातींच्या त्या कोरड्या आवाजात गायला लागली. जातो आम्ही, दिवे इतक्यात मालवू नका. उशीपर्यंत आली तेव्हा ढोलवाल्याने नकळत काठी खाली ठेवली.

"मग हे का नाही लिहिलंस?" पोचोने विचारलं.

"लिहिलंय!" निबिया किंचाळली. "तीन संध्याकाळी लिहितेय! तुझी ती नगरपालिकेची ओळ पाडली, यमान्दूला देव्हाऱ्यातून उतरव म्हणाले, मार्चचं यमक बसतं का म्हणून विचारलं, आणि तुम्ही गप्प! मी म्हटलं, हे कधीपासून इतके समजूतदार झाले!"

पोचोने मातेचा भोपळा तिच्या हातात दिला, जणू त्याने काही होणार होतं.

"बरं, ऐक," तो म्हणाला. "आता सांग तू, मी इथल्या इथे टाइप करतो. मिटलं."

"नाही."

"अगं पण..."

"मिटत नाही. आज सांगितलं की पुढच्या वर्षी सांगावं लागेल. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी तुमच्यात लिहायला बसते की हट्टी म्हातारीसारखी निरोप पाठवते, तेवढं ठरवायचंय."

"आणि मला माझं कडवं आवडतं," यमान्दू एकदम म्हणाला. आता त्याच्या आवाजात हळुवारपणा नव्हता. "पोरं रडली ते ऐकून. मी ते तुझ्यासाठी लिहिलंय, निबिया. ते असं फेकून देणार नाही मी."

"झालं तर मग," पोचो वैतागून म्हणाला. "रविवारी दुपारी पाटीवर जे असेल ते. मी कुणाची बाजू घेणार नाही. पोरांना शब्द पाठ करायचे असतात, त्यांना तुमच्या भांडणाचं काय!"

शनिवारी निबियाने इस्माएलला क्लबवर बोलावलं. फोनवर ती इतकी शांत बोलली की तो घाबरूनच आला असावा. उंच असावा, कारण आवाज वरून येत होता. घाम आणि साबण यांचा वास येत होता. तिने त्याला टेबलाशी बसवलं.

"लॅपटॉप उघड. खास व्यवस्था चालू कर. आता पडद्याचा उजेड पार घालव. पार. यमान्दू, गेला का?"

"गेला," यमान्दू म्हणाला. तो रागावलेला होता, पण तमाशा चुकवणाऱ्यांतला नव्हता.

"हेडफोन घाल. आणि काहीतरी लिही."

इस्माएलने लिहिलं. चाचपडत, चुकत, गाशेगोच्या वेगाला शिव्या घालत लिहिलं. मग समाधानाने म्हणाला, "मला ऐकू आलं. बरोबर लिहिलं गेलंय."

"यमान्दू, तुझ्या फोनवर काय आलं?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" इस्माएल म्हणाला. त्याने परत लिहिलं.

"काही नाही. तुझी झेंडी दिसतेय. हिरवी. छान उभी आहे."

मग बराच वेळ फक्त बोटांचा आवाज आला, आणि इस्माएलचं तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. शेवटी त्याने हेडफोन काढले.

"दोन मजकूर आहेत," तो म्हणाला. "एक सगळ्यांना दिसतो तो. आणि त्याच्यामागे मी एक प्रत ठेवली, रीडरने वाचावी म्हणून. बाकीच्यांनी लिहिलेलं त्या प्रतीत येतं. पण प्रतीत लिहिलेलं..."

"परत जात नाही."

"परत जायची वाटच ठेवली नाही मी." त्याने लॅपटॉप जरा मागे सारला. "मी तपासलं होतं, दोन्या निबिया. आईशप्पथ, डोळे मिटून तपासलं होतं. संपूर्ण पान ऐकलं. फक्त... ऐकून पाहिलं होतं. लिहून पाहिलं नव्हतं."

निबिया ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तिने ओरडायचं ठरवलंही होतं, वाक्यंसुद्धा तयार होती. पण ती नुसतीच थकली. इतका भला माणूस, इतकी रात्रंदिवस मेहनत, आणि त्याच्या डोक्यात आंधळं माणूस खुर्चीत बसून कुणीतरी लिहिलेलं ऐकत होतं. ते स्वतः काही लिहील, कुणाचं पुसेल, कुणाशी भांडेल, हे त्याला सुचलंच नव्हतं. सुचलं नाही यात त्याचा दुष्टावा कुठे होता? दुष्टावा असता तर सोपं होतं.

"मला तीन दिवस एका कपाटात घालून ठेवलं होतंस तू," ती म्हणाली. "आणि बाहेर माझी झेंडी लावली होतीस."

इस्माएल सॉरी म्हणाला नाही. "नीट करायचं तर सगळी पाटी उलटीपालटी करावी लागेल, त्याला महिने लागतील," तो म्हणाला. "उद्यासाठी एकच करता येईल. तो मागचा मजकूर काढून टाकतो. तुम्हाला एक साधा चौकोन देतो, जसा कुठल्याही फॉर्ममध्ये असतो तसा. त्यात अक्षरं खरीखुरी असतात. त्याला सरळ सगळ्यांच्या मजकुराशी जोडतो. एकच मजकूर. पण रंग नाहीत, झेंड्या नाहीत, ठळक-तिरपं काही नाही. फार कुरूप दिसेल."

"अरेरे," निबिया म्हणाली. "आता मी कशी जगणार!"

यमान्दू फुस्सकन हसला, मग आपण रागावलोय हे आठवून गप्प बसला.

रविवारी सकाळपासून इस्माएल त्याच टेबलाशी बसला होता. दुपारी पोचो, यमान्दू आणि निबिया समोरासमोर बसले, आपापल्या यंत्रांवर, आणि निबियाने अट घातली की तोंडाने कुणी काही सांगायचं नाही. जे करायचं ते पाटीवर. कोरसची पोरं भिंतीशी उभी राहून बेकरीतले गोड बिस्कोचो खात होती. सुट्टीचा दिवस सोडून ती नेमकी तिथे का आली होती हे सगळ्यांना माहीत होतं.

गाशेगोने ओळ वाचली. डोळ्यांविना जी पाहते. निबियाने कडवं निवडलं. तिचं बोट जरा थांबलं. हेही पलीकडे पोचलं नाही तर, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचाच तिला इतका संताप आला की बोट आपोआप खाली गेलं.

एक क्षण काहीच झालं नाही.

मग टेबल हादरलं. मातेचा भोपळा कलंडला, कुणाच्या तरी मांडीवर गरम पाणी गेलं, आणि यमान्दू ओरडला, "ए! कुणी पुसलं? माझं कडवं कुणी पुसलं?"

इतकी गोड बोंब निबियाने कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

"मी," ती म्हणाली.

"तोंडाने नाही बोलायचं!" पोचो ओरडला, मांडी पुसत.

यमान्दूने कडवं परत टाकलं. ते तिच्या कानात आलं. तिने पुसलं. त्याने परत टाकलं आणि शेजारी लिहिलं, "पोरं रडली!" तिने लिहिलं, "पोरं कांदा चिरतानाही रडतात." भिंतीशी कुणीतरी फोनवर हे वाचून बिस्कोचो घशात अडकवून घेतला. तिने स्वतःचं कडवं टाकलं. यमान्दूने शेजारी लिहिलं, "उशी? निरोपाच्या गाण्यात उशी?" तिने लिहिलं, "तुझ्या बायकोला विचार फेब्रुवारीत उशा कोण धुतं." यावर बराच वेळ काही आलं नाही, कारण यमान्दूची बायको यावर काय म्हणेल हे यमान्दूला चांगलं माहीत होतं. मग गाशेगोने वाचलं की देवीचं कडवं गेलं. यमान्दूने ते स्वतःच पुसलं होतं.

निबियाने श्वास सोडला. पण यमान्दू थांबला नव्हता. तिच्या कानात तिचीच शेवटची ओळ हलायला लागली. शब्द जात होते. तिने हात टेबलावर उचलला, आपटायच्या तयारीत.

गाशेगोने नवी ओळ वाचली.

मार्चमध्ये कुणी विचारलं, कुठं गेले ते सगळे,
तर उशी पालथी करा, सांगू नका.

तिने बाण दाबून परत ऐकली. मग परत. तिची उशी लोकांना दाखवायची होती. ही पालथी घालून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आपल्यापाशी ठेवायची होती. हा तोच माणूस, जो पंख्याच्या जागी तारे घालायचा. त्याला ही कुठून सुचली? आणि तिला का नाही सुचली?

यमान्दूचा श्वास ऐकू येत होता, पोचोची खुर्ची करकरली. सगळे तिच्या हाताकडे बघत असणार. निबियाने तोंड उघडलं. ओरडायला काहीतरी सापडेल म्हणून ओळ आणखी एकदा ऐकली. काही सापडलं नाही, आणि याचा तिला भयंकर राग आला.

तिने हात हळूच खाली ठेवला आणि गप्प बसली.

"पास," पोचो म्हणाला.